बँकॉकमध्ये तीन रात्री : आखणी कुठून सुरू करावी

पहिल्यांदा बँकॉकला जायचे ठरले की बहुतेक जण आधी प्रेक्षणीय स्थळांची यादी करतात, मग परवडेल असे हॉटेल शोधतात आणि इकडून तिकडे कसे जायचे ते तिथे पोचल्यावर बघू, असे म्हणतात. हातात दहा-बारा दिवस असतील तर तेही चालून जाते. तीनच रात्री असतील तर हा क्रम उलटा करावा, असे माझे ठाम मत आहे. आधी शहर कसे पसरले आहे ते समजून घ्यावे, त्यावरून मुक्काम ठरवावा, मग कोणता दिवस कोणत्या भागात घालवायचा ते पाहावे आणि यादी अगदी शेवटी करावी.

हे शहर मुळात पाण्यावर वसले. १७८२ मध्ये चक्री घराण्यातला पहिला राजा, पहिला राम, याने चाओ फ्राया नदीच्या पूर्व काठावर नवी राजधानी उभारली. नदी जिथे मोठे वळण घेते तिथली जागा निवडली आणि उरलेल्या बाजूने कालवा खणून तिचे बेट केले. या बेटाला रत्तनकोसिन म्हणतात. राजवाडा आणि सर्वांत महत्त्वाची बौद्ध मंदिरे याच परिसरात आहेत. पुढे कित्येक वर्षे लोकांची ये-जा मुख्यतः होड्यांतूनच चाले. १८६० च्या दशकात चारोएन क्रुंग हा नव्या पद्धतीचा मोठा रस्ता झाला, शहर पूर्वेकडे सरकत गेले आणि अनेक कालवे बुजवून त्यांचे रस्ते झाले. जुन्या शेतांच्या आणि कालव्यांच्या रेषांवरून लांबच लांब गल्ल्या निघाल्या. अशा गल्लीला तिथे ‘सॉय’ म्हणतात. बऱ्याच सॉय मुख्य रस्त्यावरून आत शिरतात आणि आतच संपतात. शेजारच्या गल्लीत जायचे असले तरी गाडीला पुन्हा मुख्य रस्त्यावर यावे लागते. सगळ्या गाड्या अशा मोजक्याच रस्त्यांवर येऊन पडतात, म्हणून संध्याकाळी चार ते साडेसात या वेळात चार-पाच किलोमीटरच्या टॅक्सीप्रवासाला तासभरही लागू शकतो.

सॉयच्या क्रमांकांची रीत आधीच माहीत असलेली बरी. रस्त्याच्या एका बाजूला विषम आणि दुसऱ्या बाजूला सम क्रमांक असतात, पण दोन्ही बाजूंची मोजणी आपापली चालते. सुखुमवित या लांबलचक रस्त्यावर सॉय ५५ च्या समोर सॉय ३८ येते. ‘आपले हॉटेल सॉय ३८ मध्ये आहे, म्हणजे सॉय ३७ समोरच असणार’ असा हिशेब केला तर उन्हात चांगलीच पायपीट होईल. हॉटेलच्या जाहिरातीतल्या ‘स्टेशनपासून जवळ’ या शब्दांवरही विसंबू नये. नकाशावर स्टेशनच्या जिन्यापासून हॉटेलच्या दारापर्यंतची पायवाट मोजून बघावी. सॉय आत किलोमीटरभर गेलेली असेल तर रोज दोन वेळा तेवढे चालावे लागते, नाहीतर तोंडाशी उभ्या असलेल्या नारिंगी जाकिटातल्या मोटारसायकलवाल्याच्या मागे बसावे लागते.

या रस्त्यांवरून सुटका होते ती रुळांमुळे आणि नदीमुळे. उंच खांबांवरून धावणारी बीटीएस स्कायट्रेन डिसेंबर १९९९ मध्ये सुरू झाली. तिच्या सुखुमवित आणि सिलोम या दोन मुख्य मार्गिका सयाम स्टेशनात एकत्र येतात. मुंबईकराने सयामला दादर समजावे, एका मार्गिकेवरून दुसरीवर जायचे असले की गाडी बदलायला तिथे यावेच लागते. जमिनीखालची एमआरटी २००४ मध्ये आली. तिची निळी मार्गिका २०१९ मध्ये जुन्या शहरापर्यंत वाढवली गेली आणि पाहुण्यांच्या दृष्टीने त्याने फार मोठा फरक पडला, कारण त्याआधी राजवाड्याच्या जवळपास रेल्वे पोचतच नव्हती. बीटीएस आणि एमआरटी या वेगवेगळ्या व्यवस्था आहेत. तिकिटे वेगळी, आणि जिथे त्या एकमेकींना भेटतात तिथे स्टेशनांची नावेही वेगळी. बीटीएसचे असोक म्हणजे एमआरटीचे सुखुमवित, साला देंग म्हणजे सी लोम, मो चित म्हणजे चतुचक पार्क. ही जोड्यांची नावे कागदावर लिहून ठेवली तर नकाशा वाचताना घोळ होत नाही. एमआरटीच्या फाटकावर बँकेचे व्हिसा किंवा मास्टरकार्ड नुसते टेकवूनही आत जाता येते. मात्र आपल्याकडच्या कार्डांवर परदेशातले व्यवहार आणि टेकवून पैसे देण्याची सोय बहुधा बंद असते. निघण्यापूर्वी बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ती चालू करावी. घरातल्या प्रत्येकाला स्वतःचे कार्ड लागते, एका कार्डावर दोघे आत जाऊ शकत नाहीत.

आता मुक्काम. पहिल्या भेटीसाठी मी फाया थाय किंवा त्याच्या पुढचे रात्चथेवी सुचवेन. विमानतळावरून येणारी रेल्वे फाया थायलाच संपते आणि तिथूनच बीटीएस मिळते. सयाम त्यापुढे दोनच स्टेशनांवर. ज्यांना नदीची ओढ आहे त्यांनी साफान ताकसिन स्टेशनाजवळ राहावे, कारण त्याच्या पायथ्याशीच साथोर्न हा बोटींचा मोठा धक्का आहे. असोकला दोन्ही रेल्वे मिळतात, पण तो भाग रात्री गजबजलेला असतो. लहान मुले किंवा वडीलधारी माणसे बरोबर असतील तर जरा शांत सॉय बघावी. पाठीवर पिशवी टाकून फिरणाऱ्या तरुणांमध्ये खाओ सान रस्ता प्रसिद्ध आहे, पण त्याच्या जवळ रेल्वे नाही. थोडक्या दिवसांच्या पाहुण्याला ही अडचण रोज जाणवते.

हवामानाचा विचार तिकीट काढण्याआधीच करावा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ त्यातल्या त्यात कोरडा आणि सुसह्य असतो. मार्च ते मे कडक उन्हाळा. एप्रिलच्या मध्यात सोंगक्रान म्हणजे थाई नववर्ष येते. रस्तोरस्ती एकमेकांवर पाणी उडवण्याचा तो सण आहे. तो अनुभवायलाच जायचे असेल तर उत्तम, पण शांतपणे मंदिरे पाहायची असतील तर ते दिवस टाळावेत. सप्टेंबर आणि ऑक्टोबरमध्ये पाऊस सर्वांत जास्त. तो बहुधा दुपारनंतर कोसळतो आणि तास-दोन तासांत ओसरतो, त्यामुळे मुंबई-कोकणातल्या माणसाला त्याची भीती वाटण्याचे कारण नाही.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो. नोव्हेंबर २०२३ पासून भारतीय पर्यटकांना व्हिसाशिवाय प्रवेश मिळू लागला. मात्र हे नियम आणि मुक्कामाची मुदत सरकार बदलत असते, म्हणून तिकीट काढताना थाई दूतावासाच्या संकेतस्थळावर खात्री करून घ्यावी. १ मे २०२५ पासून प्रत्येक परदेशी पाहुण्याला ‘थायलंड डिजिटल अरायव्हल कार्ड’ हा अर्ज पोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरावा लागतो. तो पूर्णपणे मोफत आहे. त्यासाठी पैसे मागणारे संकेतस्थळ दिसले तर ते सरकारी नाही हे ओळखावे. परतीचे तिकीट आणि हॉटेलचे आरक्षण छापून हाताशी ठेवावे.

शहराला विमानतळ दोन. मुंबईहून थेट येणारी बरीच विमाने सुवर्णभूमीला उतरतात, काही स्वस्त कंपन्यांची डॉन मुआंगला. तिकिटावर नीट पाहावे, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावर अवलंबून आहे. मुंबईहून प्रवास साधारण चार-साडेचार तासांचा, आणि थायलंडचे घड्याळ आपल्यापुढे दीड तास. मध्यरात्रीनंतर निघणारे विमान सकाळी पोचवते, पण हॉटेलची खोली बहुधा दुपारी दोनला मिळते. म्हणून पहिल्या दिवसाची आखणी हलकीच ठेवावी. सामान हॉटेलात ठेवून जवळपास फिरावे, जेवावे, खोली मिळाली की झोपावे. जागरण झालेल्या अवस्थेत, भर दुपारच्या उन्हात राजवाडा पाहायला जाऊ नये. इतकी देखणी जागा थकलेल्या डोळ्यांनी पाहिली की लक्षात राहते ती गर्दीच.

सुवर्णभूमीच्या तळघरात रेल्वे आहे आणि तिकिटांच्या यंत्रांजवळच पैसे बदलून देणाऱ्या खासगी खिडक्या आहेत. वरच्या मजल्यांवरच्या बँकांपेक्षा तिथे दर सहसा बराच चांगला मिळतो. थाई चलन बाट. एक बाट म्हणजे साधारण पावणेतीन रुपये धरून चालावे. परदेशी कार्डाने एटीएममधून पैसे काढले तर दर वेळी २०० बाटहून अधिक शुल्क कापले जाते, म्हणून थोडे थोडे काढू नयेत. यंत्राने ‘रुपयांत आकारू की बाटमध्ये’ असे विचारले तर बाटच निवडावे. रुपयांचा पर्याय घेतला की दर ते यंत्र ठरवते, आणि तो आपल्या तोट्याचा असतो. रेल्वेने फाया थायपर्यंत अर्ध्या तासाच्या आत पोचता येते, भाडे ४५ बाट. सामान जास्त असेल किंवा माणसे तीन-चार असतील तर तळमजल्यावरून टॅक्सी घ्यावी. तिथल्या यंत्रातून चिठ्ठी मिळते, तिच्यावरच्या क्रमांकाच्या जागी टॅक्सी उभी असते. मीटरवरच्या रकमेखेरीज विमानतळाचे ५० बाट आणि जलद मार्गाचा टोल आपण द्यायचा असतो. ही वाढीव रक्कम रीतसर आहे, त्यावरून वाद घालू नये.

दुसरा दिवस नदीचा. राजवाडा सकाळी साडेआठला उघडतो आणि तिकिटे दुपारी साडेतीनपर्यंतच मिळतात. परदेशी माणसाला ५०० बाट. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, स्त्रियांचे आणि पुरुषांचेही. सलवार-कुर्ता, लांब पँट उत्तम. साथोर्नच्या धक्क्यावरून नारिंगी झेंड्याची बोट घ्यावी. कुठेही उतरा, भाडे सुमारे १६ बाट. निळ्या झेंड्याची बोट पर्यटकांची आणि महाग. था चांगच्या धक्क्यावर उतरले की राजवाड्याचे प्रवेशद्वार चालत काही मिनिटांवर आहे. वाटेत एखादा नीटनेटका, गोड बोलणारा माणूस थांबवून ‘आज राजवाडा बंद आहे, सण आहे’ असे सांगेल आणि अगदी थोड्या पैशांत टुकटुकने शहर दाखवायची तयारी दाखवेल. ती फेरी रत्नांच्या किंवा शिंप्याच्या दुकानात संपते. नमस्कार करून पुढे चालावे आणि फाटकापर्यंत जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे.

आत पाचूच्या बुद्धाचे देऊळ आहे. मूर्ती लहान, हिरव्या दगडाची, उंच सिंहासनावर. उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा अशा तीन ऋतूंची तिला तीन वस्त्रे आहेत, आणि ऋतू पालटला की ती राजाच्या हस्ते बदलली जातात. बहुतेक पाहुणे हे दर्शन घेतात, सोनेरी स्तूपाचे छायाचित्र काढतात आणि बाहेर पडतात. मराठी माणसाने मात्र इथे निदान एक तास राखून ठेवावा, आणि तो देवळाभोवतीच्या ओवऱ्यांसाठी. या भिंतींवर रामायण रंगवले आहे. थाई लोक त्याला रामाकियेन म्हणतात. एकूण १७८ चित्रे, उत्तरेच्या दारापासून सुरू होऊन उजवीकडे प्रदक्षिणेने पुढे जाणारी. आरंभ जनकाला सीता सापडते तिथून. चित्रे पहिल्या रामाच्या काळातली, पुढे वेळोवेळी डागडुजी झालेली. मुकुटांवर आणि महालांवर सोन्याचा वर्ख आहे. कथा आपल्या ओळखीची असल्यामुळे फलक वाचायची फारशी गरज पडत नाही, पण जिथे ती वेगळी होते तिथे पावले आपोआप थांबतात. इथला हनुमान पांढराशुभ्र आहे आणि ब्रह्मचारी नाही. सेतू बांधताना रावणाच्या मत्स्यकन्येशी त्याची गाठ पडते आणि त्यांना मुलगा होतो, तो पुढे पाताळाच्या वाटेवर बापालाच अडवतो. आपल्याकडच्या मकरध्वजाच्या गोष्टीशी याचे नाते उघड आहे. महिरावणापासून रामाला वाचवण्यासाठी हनुमान प्रचंड रूप घेऊन रामाचा तळच तोंडात धरून बसतो, ते चित्र शोधून पाहावे. सीता इथे रावणाचीच मुलगी आहे. दारांवर राखणीला उभे असलेले प्रचंड यक्ष म्हणजे याच कथेतले राक्षस, हिरवा दशानन त्यांत आहेच. मुले बरोबर असतील तर आदल्या रात्री त्यांना रामायण पुन्हा एकदा सांगून ठेवा. मग तीच तुम्हाला चित्रे दाखवत फिरतील. रामाकियेनवरच आधारलेले खोन हे मुखवट्यांचे नृत्यनाट्य आहे. राजवाड्याच्या तिकिटावर त्याचा छोटा प्रयोग कामाच्या दिवशी साला चालेर्मक्रुंग नाट्यगृहात पाहता येतो. वेळा तिकीट घेतानाच विचाराव्यात.

राजवाड्याच्या दक्षिणेला वात फो हे मंदिर. तिथला पहुडलेला बुद्ध ४६ मीटर लांब आहे. त्याच्या तळपायांवर शिंपल्याच्या नक्षीत १०८ शुभचिन्हे आहेत, आणि मागच्या भिंतीशी १०८ पितळी वाट्यांत लोक एकेक नाणे टाकत जातात. आवारातच पारंपरिक थाई मालिशची जुनी शाळा आहे. सकाळभर चालून पाय दुखले असतील तर तासभर तिथे द्यावा. दुपारी बारा ते तीन उन्हात फिरूच नये, जेवण किंवा मालिश याच वेळेत बसवावे. नंतर था तियेनच्या धक्क्यावरून पाच बाटच्या होडीने पलीकडे वात अरुणला जावे. दुरून पांढरे दिसणारे शिखर जवळून पाहिले की चिनी मातीच्या रंगीत तुकड्यांच्या फुलांनी भरलेले आहे हे कळते. सूर्यास्ताच्या वेळी पुन्हा अलीकडच्या काठावर यावे, कारण सूर्य त्या शिखरामागे मावळतो.

शाकाहारी लोकांनी इथे जरा तयारीने जावे. भाज्या, टोफू, भात, नारळाचे दूध हे सगळे मुबलक आहे, पण माशांचे पाणी म्हणजे ‘नाम प्ला’ जवळजवळ प्रत्येक पदार्थात पडते. भाजीच्या सुपाचा आधार अनेकदा हाडांचा रस असतो आणि पपईच्या सोम तामात सुकट असते. नुसते ‘व्हेज’ म्हणून उपयोग होत नाही. दोन शब्द शिकावेत. ‘मांगसाविरत’ म्हणजे मांस-मासळी नको, त्यात अंडे चालते असे धरले जाते. ‘जे’ म्हणजे चिनी-बौद्ध पद्धतीचा कडक शाकाहार, त्यात अंडे नाही, दूध नाही, कांदा-लसूणही नाही. पिवळ्या पताकेवर लाल थाई अक्षर असलेली दुकाने या ‘जे’ खाण्याची असतात आणि कांदा-लसूण न खाणाऱ्या आपल्या लोकांना ती फार उपयोगी पडतात. थाई अक्षरांत ‘मी मांस, मासे, अंडे आणि माशांचे पाणी खात नाही’ असे वाक्य फोनमध्ये जपून ठेवावे आणि ऑर्डर देण्याआधी दाखवावे. तरीही घरच्या चवीची आठवण झालीच, तर साम योत स्टेशनाजवळच्या फाहुरात भागात गुरुद्वाऱ्याच्या आसपास भारतीय खाणावळी आहेत. मांसाहारी वाचकांना माझा सल्ला एवढाच की गर्दी असलेली गाडी निवडावी आणि समोर शिजवलेले गरम खावे.

तिसऱ्या दिवसासाठी मी कालवा सुचवेन. सेन सेप कालव्यातली बोट नोकरदार माणसांची आहे. ती वेगाने जाते, पाणी उडते, चढ-उतार क्षणभरात करावी लागते. वडीलधारी माणसे असतील तर हा भाग टॅक्सीने करावा. पश्चिमेच्या शेवटच्या धक्क्यावर, फान फाला उतरले की वात साकेतची सुवर्ण टेकडी आणि ३७ लोखंडी शिखरांचा लोहप्रासाद अगदी जवळ आहेत. पुढे चालत गेले की लाल खांबांचा प्रचंड झोपाळा लागतो. शिवाच्या उत्सवात त्यावर उंच झोके घेत, अपघात होऊ लागल्यामुळे १९३५ मध्ये ते बंद झाले. त्याच्या शेजारीच राजदरबारातल्या ब्राह्मणांचे देवस्थान आहे, शिव, गणपती आणि विष्णू यांची तीन छोटी देवळे. थायलंडमध्ये गणपती कलांचा देव मानला जातो आणि तिथल्या ललित कला विभागाच्या मुद्रेवरही तोच आहे. संध्याकाळ चिनी वस्तीत, यावरातमध्ये घालवावी. एमआरटीचे वात मांगकोन स्टेशन त्यासाठीच. त्याआधी वेळ असेल तर वात त्रायमितची साडेपाच टन वजनाची सोन्याची बुद्धमूर्ती पाहावी. ती अनेक पिढ्या चुन्याच्या जाड लेपाखाली झाकलेली होती. १९५५ मध्ये हलवताना लेप तडकला आणि आतले सोने दिसले.

हा दिवस शनिवार-रविवार असेल तर सकाळी चतुचकचा आठवडी बाजार करावा, पण लवकर जाऊन ऊन चढायच्या आत परत यावे. दामनोएन सादुआकचा तरंगता बाजार मी या भेटीतून वगळेन. तो शहरापासून शंभर किलोमीटरवर आहे, आणि जाण्या-येण्यात जाणारा अर्धा दिवस तीन रात्रींच्या पाहुण्याला परवडत नाही.

काही गोष्टींची जाण मात्र सतत ठेवावी. राजघराण्याचा अवमान हा तिथे तीन ते पंधरा वर्षे कैदेचा गुन्हा आहे, म्हणून त्याबद्दल गमतीतही बोलू नये. सकाळी आठ आणि संध्याकाळी सहाला स्टेशनांत, बागांत राष्ट्रगीत लागते, तेव्हा सगळ्यांबरोबर उभे राहावे. बुद्धमूर्तीकडे पाय करून बसू नये. स्त्रियांनी भिक्खूंना स्पर्श करू नये आणि वस्तू थेट हातात देऊ नये. ई-सिगारेट तिथे बेकायदा आहे, बॅगेतही नको.

निघायच्या दिवशी विमान रात्रीचे असेल तर सामान हॉटेलात ठेवून लुम्फिनी उद्यानात जावे. तळ्याकाठी मोठमोठ्या घोरपडी निवांत फिरताना दिसतात, आणि मुलांना त्या मंदिरांपेक्षा जास्त आवडतात. विमानतळाकडे टॅक्सीने जायचे असेल तर चारच्या आधी निघावे, नाहीतर रेल्वेच घ्यावी. घरी नेण्यासाठी घेतलेले करीचे वाटण द्रवात मोजले जाते, त्यामुळे ते हातातल्या बॅगेत न ठेवता जमा करायच्या सामानात घालावे. जुन्या किंवा मोठ्या बुद्धमूर्ती ललित कला विभागाच्या परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत, तेव्हा तशी मूर्ती घेण्यापूर्वी दुकानदाराकडे परवान्याची चौकशी करावी.